स्टेरिंग हलकं झालं त्याची गोष्ट

मी अकरावीत होतो तेव्हाची गोष्ट. मामांबरोबर बेळगावहून कागलला परत येत होतो. संकेश्वर मागे पडलं की तवंदीचा घाट लागतो आणि तो उतरला की निपाणी. मामांनी पंचवीसेक वर्षं ट्रक चालवला होता. मुंबई-बंगळूर हा रस्ता त्यांना घरच्या जिन्यासारखा पाठ होता. ट्रक विकून त्यांनी नुकतीच एक सेकंडहँड डिझेल जीप घेतली होती. जुन्या ड्रायव्हरांची एक सवय त्यांनाही होती. मोठा उतार आला की गाडी न्यूट्रल करायची आणि इंजिन बंद. चार पैशांचं डिझेल वाचतं.

त्या दिवशीही त्यांनी तेच केलं. इंजिनाचा आवाज थांबला, फक्त वाऱ्याचा आवाज उरला. पहिलं वळण सरळसरळ होतं, ते निघून गेलं. दुसऱ्या वळणावर मामांनी नेहमीच्या सवयीने एका हाताने स्टेरिंग फिरवलं आणि ते फिरलंच नाही. म्हणजे फिरलं, पण इंचभर. दुसरा हात झटकन वर आला, खांदे ताणले गेले, मामा सीटवरून अर्धे उठले. गाडी वळली, पण उशिरा. डाव्या बाजूची दोन्ही चाकं डांबर सोडून खडीवर गेली आणि परत आली. मामांनी किल्ली फिरवली, इंजिन सुरू झालं आणि स्टेरिंग पुन्हा लोण्यासारखं हलकं झालं.

निपाणीत चहा घेताना त्यांचे हात थरथरत होते. मी विचारलं, "मामा, स्टेरिंग जाम झालं होतं का?"

"जाम कुठलं, लेका. पॉवर गेली हुती. इंजिन मीच बंद केलं, म्हंजे पॉवर बी मीच घालवली. ट्रकला ही भानगड न्हवती."

ट्रक चालवताना जी सवय इतकी वर्षं चालून गेली, तिने त्या दिवशी आमचा जीव धोक्यात घातला होता. आणि आम्ही वाचलो ते ट्रकच्याच दिवसांत कमावलेल्या खांद्यांमुळे. माणूस तोच होता, रस्ता तोच होता. मधल्या काळात गाडी बदलली होती आणि तो बदल कुणी समजावून सांगितला नव्हता. पुढे मी स्वतः गाडी शिकलो तेव्हा हा बदल नेमका काय होता, कुठून आला आणि आपल्यापर्यंत कसा पोचला, हे शोधत गेलो. ही त्याचीच गोष्ट आहे.

खांद्यांचे दिवस

उभ्या गाडीचं चाक वळवणं हे सगळ्यात कष्टाचं काम. टायरचा तळहाताएवढा भाग रस्त्याला चिकटलेला असतो आणि त्याच्यावर गाडीच्या पुढच्या भागाचं वजन असतं. गाडी चालू लागली की हे काम सोपं होतं, कारण टायर घासत नाही, गोल फिरता फिरता वळतो. म्हणून हायवेवर स्टेरिंग हलकं वाटतं आणि पार्किंग करताना जड.

पॉवर स्टेअरिंग नव्हतं तेव्हा यावर एकच उपाय होता. स्टेरिंगचं चाक मोठं करायचं आणि आतल्या दात्यांचं गणित असं बसवायचं की चालकाने जास्त वेळा फिरवावं, पण प्रत्येक वेळी कमी जोर लागावा. विहिरीवरच्या रहाटासारखंच हे. जुन्या ट्रकचं आणि एसटीचं स्टेरिंग परातीएवढं का असायचं, याचं उत्तर यात आहे. आणि एक वळण घेताना ड्रायव्हरचे हात दोरी ओढल्यासारखे एकामागून एक का चालायचे, याचंही.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली बस धावली. तेव्हापासून पुढची कित्येक दशकं महाराष्ट्राच्या घाटांमधून माणसं वर-खाली गेली ती चालकांच्या दंडांच्या जोरावर. आंबोली, फोंडा, गगनबावडा, करूळ ही नावं आपल्याला पावसाळी सहलींची वाटतात. चालकाला ती मनगटाच्या दुखण्याची वाटत असणार. त्या काळात ड्रायव्हर म्हटलं की डोळ्यांसमोर धिप्पाड माणूस यायचा, यात नुसता रुबाब नव्हता. कामाची ती अटच होती.

मामा एक गोष्ट नेहमी सांगतात. त्यांच्या उस्तादाने पहिल्याच दिवशी शिकवलं होतं की स्टेरिंग धरताना अंगठा आत घालायचा नाही, चाकाच्या कडेवर बाहेर ठेवायचा. पुढचं चाक खड्ड्यात किंवा दगडावर आपटलं की धक्का उलटा हातापर्यंत यायचा. स्टेरिंग गर्रकन फिरायचं आणि आडवी दांडी अंगठ्यावर बसायची. अंगठा मोडलेले ड्रायव्हर त्यांनी पाहिले आहेत. हायड्रॉलिक यंत्रणेतलं तेल हा उलटा धक्का बराचसा गिळून टाकतं. त्यामुळे आज ड्रायव्हिंग स्कूलमध्ये हे अंगठ्याचं कोणी सांगत नाही.

जड स्टेरिंग फक्त गरिबांच्या नशिबी होतं असंही नाही. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला तुम्ही गेला असाल तर छत्रपतींची मेबॅक गाडी पाहिली असेल. राजाराम महाराजांच्या काळातली, १९३०च्या दशकातली ही जर्मन गाडी दरवर्षी दसरा चौकातल्या सोहळ्याला येते. लोक तिच्या लांबलचक बॉनेटचे फोटो काढतात. पुढच्या वेळी चालकाच्या हातांकडे बघा. एवढी भारी गाडी आणि गर्दीतून चालत्या माणसाच्या वेगाने न्यायची, म्हणजे स्टेरिंग सगळ्यात जड असतं नेमक्या त्याच वेगाने. तेव्हाच्या राजाला पैसे देऊनही पॉवर स्टेअरिंग मिळालं नसतं. जगात कुठेच ते दुकानात आलेलं नव्हतं.

तयार मात्र झालं होतं.

पंचवीस वर्षं थांबलेला शोध

फ्रान्सिस डेव्हिस हा अमेरिकन इंजिनिअर पिअर्स-ॲरो या कंपनीच्या ट्रक विभागात काम करायचा. मोठे ट्रक वळवताना चालकांची होणारी दमछाक तो रोज पाहत होता. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने नोकरी सोडली, बोस्टनजवळच्या वॉल्थम गावात एक छोटं वर्कशॉप घेतलं आणि एका कारागिराला सोबत घेऊन कामाला लागला.

तेलाच्या दाबाने जड काम करता येतं, हे तेव्हा नवीन नव्हतं. बंदिस्त द्रवावर एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा पास्कलचा नियम सतराव्या शतकातला. जोसेफ ब्रामाने त्यावर चालणाऱ्या प्रेसचं पेटंट १७९५ मध्ये घेतलं होतं. अडचण वेगळी होती. त्या काळच्या हायड्रॉलिक यंत्रांमध्ये तेल सतत दाबाखाली ठेवलेलं असायचं. असं तेल कुठून ना कुठून गळतंच. कारखान्यातल्या एका जागी उभ्या यंत्राला ते चालून जातं, खड्ड्यांतून आदळत जाणाऱ्या मोटारीला नाही.

डेव्हिसने उलटा विचार केला. गाडी सरळ चालली असेल तेव्हा तेलावर दाब हवाच कशाला? पंपाने तेल नुसतं फिरवत ठेवावं, टाकीतून निघून परत टाकीत. चालकाने स्टेरिंग फिरवलं की त्याच क्षणी एक झडप परतीची वाट अडवेल, दाब तयार होईल आणि तो चाकं वळवायला मदत करेल. हात थांबला की वाट पुन्हा मोकळी. हीच कल्पना आजही प्रत्येक हायड्रॉलिक पॉवर स्टेअरिंगमध्ये आहे.

१९२६ मध्ये त्याने आपल्याच पिअर्स-ॲरो गाडीत ही यंत्रणा बसवून डेट्रॉइटच्या मोटार कंपन्यांना दाखवली. जनरल मोटर्सने करार केला. पण मग महामंदी आली. ज्या गाड्यांवर ही यंत्रणा परवडली असती त्या महागड्या गाड्यांचा खपच उरला नाही, आणि कंपनीने हा प्रकल्प बाजूला ठेवला. डेव्हिस दुसरीकडे गेला आणि सुधारणा करत राहिला. त्याला खरं गिऱ्हाईक मिळालं ते दुसऱ्या महायुद्धात. चिलखती गाड्या इतक्या जड होत्या की नुसत्या हातांनी त्या वळवणं सैनिकाला झेपत नव्हतं. सामान्य माणसाच्या गाडीत ही सोय यायला १९५१ उजाडलं. क्रायस्लरने आपल्या इम्पीरियल गाडीत ती दिली, तीही डेव्हिसच्या मुदत संपलेल्या पेटंटांचा आधार घेऊन. पुढच्याच वर्षी जनरल मोटर्सही त्यात उतरली.

ट्रक ड्रायव्हरांचे हाल बघून सुचलेली गोष्ट आधी रणगाड्यांच्या भाऊबंदांना मिळाली, मग श्रीमंतांच्या गाड्यांना. आपल्याकडच्या ट्रक ड्रायव्हरांची पाळी यायला अजून बराच वेळ होता.

आत नेमकं काय होतं

तवंदीच्या घाटात काय घडलं ते समजायचं असेल तर एवढा भाग समजून घ्यावा लागतो. अवघड नाही.

इंजिनाच्या पुढच्या बाजूला एका पट्ट्यावर छोटा पंप फिरत असतो. इंजिन चालू तर पंप चालू, इंजिन बंद तर पंप बंद. शेजारी तेलाची छोटी टाकी. पंपातून एक जाड पाईप स्टेरिंगच्या यंत्रणेकडे जातो, दुसरा पाईप तेल परत आणतो. खाली पुढच्या दोन चाकांना जोडणारी दातेरी पट्टी असते, तिला गॅरेजमध्ये सगळे 'रॅक' म्हणतात. रॅकच्या नळीत एक दट्ट्या असतो.

आता कळीची गोष्ट. स्टेरिंगचा दांडा आणि रॅक यांच्या मध्ये पोलादाची एक बारीक काडी असते. तुम्ही स्टेरिंग फिरवता तेव्हा टायरच्या अडथळ्यामुळे ही काडी किंचित पिळली जाते. त्या पिळामुळे झडप उघडते आणि दाबाखालचं तेल दट्ट्याच्या बरोबर बाजूला जातं. जास्त जोर लावला तर पीळ जास्त, मदत जास्त. हायवेवर अडथळा कमी, पीळ कमी, मदतही कमी. स्टेरिंग पूर्ण एका बाजूला टेकवलं की छोट्या गाडीतही हा दाब सत्तर-ऐंशी बारच्या वर जाऊ शकतो. टायरमधली हवा असते साधारण दोन-सव्वादोन बार. यावरून अंदाज येईल.

यात्रेत पालखीचा गाडा ओढताना पाहिलाय? पुढचा एकजण दिशा दाखवतो आणि मागचे वीसजण ढकलतात. पुढचा थांबला की मागचे थांबतात. पॉवर स्टेअरिंगमध्ये तुम्ही तो पुढचा माणूस असता. मागचे वीसजण अचानक निघून गेले तर गाडा अडकून पडत नाही. तो एकट्याने ओढावा लागतो, इतकंच.

हे मुद्दाम तसं केलेलं आहे. पंप बंद पडला, पट्टा तुटला, सगळं तेल गळून गेलं, तरी स्टेरिंगपासून चाकांपर्यंतची लोखंडी साखळी शाबूत असते. ती काडी ठरावीक मर्यादेपर्यंत पिळली की पुढे दांड्यानेच थेट काम होतं. म्हणून घाटात गाडी वळली. पण मदतीच्या भरवशावर बनवलेल्या यंत्रणेत चाक छोटं असतं आणि कमी वेळा फिरवावं लागतं, त्यामुळे मदत गेल्यावर ते जुन्या ट्रकपेक्षाही हट्टी वाटतं. मामांना धक्का बसला तो याचा. त्यातून इंजिन बंद असताना ब्रेकलाही मदत मिळत नाही. दोन-चारदा दाबला की तोही दगड होतो. उतारावर इंजिन बंद करणं हा डिझेल वाचवायचा मार्ग नाहीच.

कागलपर्यंत

भारतात ॲम्बॅसॅडर आणि कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी या गाड्यांनी कित्येक दशकं काढली ती हाताच्या जोरावर. मुंबईच्या गल्ल्यांमध्ये पद्मिनी टॅक्सी वळवणारे चालक दिवसभर जो व्यायाम करायचे त्याची आज कल्पना येणार नाही. १९८१ मध्ये पुण्याजवळ शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला झेडएफ स्टिअरिंग गिअर ही कंपनी जर्मन तंत्रज्ञानाच्या साहाय्याने उभी राहिली आणि ट्रक-बसची स्टेरिंग महाराष्ट्रातच बनू लागली. दक्षिणेत राणे समूह याच धंद्यात होता. तरी हायड्रॉलिक पॉवर ही बराच काळ 'वरच्या मॉडेल'ची गोष्ट राहिली. २००० नंतर जीपगाड्या, सुमो, इंडिका यांतून ती गावोगाव पोचली.

कागल हे हा बदल बघायला चांगलं गाव आहे. पुणे-बंगळूर हायवे गावाला लागून जातो. पुढे दूधगंगा ओलांडली की थोड्याच अंतरावर कर्नाटक सुरू होतं. एका बाजूला कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत आहे, तिथल्या फाउंड्र्यांमध्ये वाहनांना लागणारे ओतीव भाग तयार होतात. दुसऱ्या बाजूला शाहू साखर कारखाना आणि हंगामात त्याच्याकडे निघालेल्या ऊस-ट्रॉल्यांची रांग. इथे मुलगा आधी सायकल शिकतो, मग ट्रॅक्टर.

ट्रॅक्टर कागलात आला तेव्हा काय झालं, याची नोंद मराठी साहित्यात आहे. आनंद यादव कागलचे. १९७१ साली आलेल्या त्यांच्या 'गोतावळा' या कादंबरीत शेतावर राबणारा नारबा आहे, त्याची जनावरं आहेत, आणि शेतात येणारा ट्रॅक्टर आहे. यंत्र येतं तेव्हा त्याच्यासोबत सोय येते आणि कुणाचं तरी जग मोडतं, हे त्या कादंबरीने कागलच्याच बोलीत सांगितलं. पॉवर स्टेअरिंगची गोष्ट तेवढी दुःखाची नाही. तिने बैल विकायला लावले नाहीत की कुणाची मजुरी हिरावली नाही. उलट तिने खांदे वाचवले. आज ट्रॅक्टरच्या जाहिरातीत पॉवर स्टेअरिंग मोठ्या अक्षरांत असतं, कारण दिवसभर नांगरट करून संध्याकाळी हात वर उचलता येतो, याची किंमत शेतकऱ्याला कळते. तरी तिलाही एक मर्यादा आहे. मागे उसाच्या दोन भरलेल्या ट्रॉल्या असल्या आणि चढावर ट्रॅक्टरचं तोंड हलकं झालं तर पुढची चाकं रस्ता धरत नाहीत. तेव्हा स्टेरिंग कितीही हलकं फिरलं तरी ट्रॅक्टर वळत नाही. पॉवर जोर देते, पकड देत नाही.

अजून एक गोष्ट बदलली. "बाईला मोठी गाडी झेपायची नाही" या वाक्याला 'स्टेरिंग जड असतं' एवढाच काय तो आधार होता. जून २०२३ मध्ये अर्चना अत्राम यांनी सासवड-नीरा मार्गावर एसटी चालवली, एसटीच्या पहिल्या महिला चालक म्हणून. एसटी सुरू झाल्यावर पंचाहत्तर वर्षांनी. स्टेरिंग हलकं होऊनही मधे बरीच वर्षं गेली. यावरून जड स्टेरिंग हे कारण किती होतं आणि सबब किती, हे आपलं आपण ठरवावं.

टाकीचं झाकण उघडून बघा

घाटातल्या प्रसंगानंतर मामा मला ओळखीच्या मिस्त्रींकडे घेऊन गेले. "ह्येला बी दाखवा. आता ह्येच्याच पिढीनं चालवायच्या हैत गाड्या." त्या दुपारी मिस्त्रींनी जे दाखवलं ते अजून उपयोगी पडतं. तुमच्या घरी जुनी जीप, टेम्पो किंवा हायड्रॉलिक स्टेरिंगची कार असेल तर तुम्हालाही पडेल.

आधी त्यांनी टायरची हवा तपासली. स्टेरिंग जड झालं की लोक थेट पंपाला दोष देतात, पण पुढच्या टायरात हवा कमी असली तरी स्टेरिंग जड होतं. फुकटातला उपाय आधी.

मग टाकी. गाडी सपाट जागेवर हवी. टाकीवर कमी आणि जास्त अशा दोन खुणा असतात. काही गाड्यांत गार आणि गरम इंजिनासाठी वेगळ्या. तेल गरम झाल्यावर फुगतं, म्हणून कुठली खूण बघायची ते आधी ठरवायचं. झाकण उघडण्यापूर्वी वरची धूळ पुसायची, कारण आत गेलेला एक खडा पंपाची आणि झडपेची नासाडी करू शकतो. पांढऱ्या फडक्यावर दोन थेंब घ्यायचे. बहुतेक गाड्यांत हे तेल नवं असताना लालसर किंवा मधासारखं असतं. काळपट झालं असेल, जळका वास येत असेल तर बदलायची वेळ झाली. फेस दिसला तर यंत्रणेत हवा शिरली आहे. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच तेल घालायचं. ब्रेक ऑइल तर चुकूनही नाही, त्याने आतली रबरी सीलं फुगून खराब होतात.

तेल कमी असेल तर नुसतं भरून पुढे जायचं नाही. ही यंत्रणा बंद आहे, तेल पेट्रोलसारखं जळून संपत नाही. कमी झालं म्हणजे कुठेतरी गळतंय. पाईपांचे सांधे, पंपाचं तोंड, रॅकच्या दोन्ही टोकांची रबरी बुटं, सगळीकडे बघायचं. रात्रभर गाडीखाली पुठ्ठा ठेवला तर सकाळी डागाची जागा कळते. इंजिन चालू असताना पाईपावरून हात फिरवून गळती शोधायची नाही. दाबातल्या गरम तेलाची बारीक चिळकांडी कातडीत घुसू शकते.

मग मिस्त्री म्हणाले, "आता कान लावा." स्टेरिंग पूर्ण वळवताना चिरकणारा आवाज आला तर पट्टा ढिला किंवा गुळगुळीत झालेला. सतत गुणगुण किंवा कण्हण्यासारखा आवाज म्हणजे तेल कमी किंवा हवा. खड्ड्यात खटखट झाली तर ती पॉवरची तक्रार नसते, टाय रॉडचे सांधे किंवा बॉल जॉइंट सैल झालेले असतात, आणि त्यात चालढकल करायची नसते. स्टेरिंग एका टोकाला टेकवून धरून ठेवायचं नाही. त्या वेळी दाब टोकाला असतो आणि पंप नुसता तापत राहतो. टेकलं की किंचित मागे घ्यायचं.

हवा काढायची पद्धतही त्यांनी दाखवली. पुढची चाकं जॅकवर उचलून नीट टेकू दिले, टाकी भरली आणि मला स्टेरिंग हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला लावलं. आधी इंजिन बंद ठेवून, मग चालू करून. बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. मधूनमधून ते टाकीत तेल भरत होते. अर्ध्या तासाचं काम.

मामा बाजूला उभे राहून सगळं बघत होते. शेवटी म्हणाले, "आमच्या येळंला स्टेरिंग रोज हाताला सांगायचं, आज मला काय हुतंय ते. ह्ये गप बसून काम करतंय. गप बसणाऱ्याला इचारावं लागतंय."

आता

हायड्रॉलिक स्टेरिंगचेही दिवस भरत आलेत. १९८८ मध्ये जपानमध्ये सुझुकीने सर्व्हो या छोट्या गाडीत विजेच्या मोटरवर चालणारं पॉवर स्टेअरिंग आणलं. त्यात तेल नाही, पंप नाही, पट्टा नाही. हायड्रॉलिक पंप तुम्ही स्टेरिंग फिरवा न फिरवा, इंजिनासोबत फिरतच राहतो आणि तेवढं इंधन खातो. विजेची मोटर काम असेल तेव्हाच वीज घेते. त्यामुळे आज तुम्ही नवी छोटी कार घेतली तर बहुधा तिच्यात विजेचंच स्टेरिंग असेल. ट्रक, बस, ट्रॅक्टर आणि रस्त्यावरच्या असंख्य जुन्या जीपगाड्या मात्र अजून तेलावर वळतात, आणि आणखी बरीच वर्षं वळतील. आपल्या गावांकडे सेकंडहँड गाडीचंच आयुष्य मोठं असतं.

म्हणून एक गोष्ट करून बघा. हायड्रॉलिक स्टेरिंगची गाडी मोकळ्या सपाट जागेत उभी करा. हँडब्रेक लावा, गिअर न्यूट्रल. इंजिन बंद ठेवून किल्ली अशा जागी ठेवा की स्टेरिंगचं लॉक सुटलेलं असेल. आता स्टेरिंग फिरवायचा प्रयत्न करा. केवढा जोर लागतो तो हाताला कळू द्या. मग त्याच्यावर हलका जोर ठेवूनच इंजिन सुरू करा. स्टेरिंग हाताखाली एकदम मऊ पडेल. पडलं नाही, तर गॅरेज गाठा.

चालत्या गाडीत कधी पट्टा तुटला किंवा इंजिन बंद पडलं, तर त्या क्षणी हा जडपणा ओळखीचा वाटला पाहिजे. स्टेरिंग जाम झालं असं समजून हात सोडायचे नाहीत. दोन्ही हातांनी घट्ट धरायचं, जोर लावायचा, ब्रेक एकदाच ठाम दाबून गाडी बाजूला घ्यायची. गाडी वळते. फक्त ती आता तुमच्या एकट्याच्या ताकदीवर वळते.

मामा आता पासष्टीच्या पुढे आहेत. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, शर्ट घालताना मामी मदत करतात. डॉक्टरांनी विचारलं, काम काय करत होता? मामा म्हणाले, ड्रायव्हर. डॉक्टरांनी पुढचं काही विचारलं नाही. गेल्या दिवाळीत मी त्यांना माझ्या गाडीतून निपाणीला नेलं. तवंदीचा घाट लागायच्या आधीच आम्ही परत फिरलो, तरी उतार आला तसं त्यांनी माझ्या किल्लीवरच्या हाताकडे एकदा बघितलं.

"बंद करणार नाही मामा," मी म्हणालो.

"करू नगंस," ते म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघू लागले.